वजनाची वही आणि रोगाची वही



नागपूरच्या महाल भागांतील एखाद्या जुन्या घरीं गुबगुबीत मूल आलें, कीं वडीलधाऱ्या बायका त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटें मोडतात आणि "खात्यापित्या घरचें लेंकरूं आहे" असें कौतुकानें म्हणतात. या कौतुकामागें मोठा इतिहास आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन भयंकर दुष्काळांनीं जुन्या मध्यप्रांताला लागोपाठ ग्रासलें. ज्या प्रदेशानें दोन-तीन वर्षांच्या अंतरानें दोनदां उपासमार पाहिली, तेथें अंगावरचें मांस हें जगण्याच्या हमीचें चिन्ह ठरावें, यांत नवल तें काय? पुढच्या वाईट सालापर्यंत तग धरण्याची ती शिदोरीच होती. आपल्या आज्या-पणज्यांनीं बाळसें जपलें, तें अज्ञानानें नव्हे, अनुभवानें जपलें.

परंतु काळ बदलला म्हणजे एकाच चिन्हाचा अर्थहि बदलतो. आज वैद्यकापुढें एक निराळाच प्रश्न उभा आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षीं अंगावर चढलेला अतिरिक्त मेद आणि त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनीं शरीरांत डोकें वर काढणारा कर्करोग, यांचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे काय? कित्येक प्रकारच्या कर्करोगांच्या बाबतींत 'आहे' असें उत्तर आतां बऱ्याच निश्चयानें देतां येतें. तें उत्तर मनुष्याला कसें सांपडलें, याची हकीकत आज मला सांगावयाची आहे. कारण त्या हकीकतींत आपणां नागपूरकरांच्याहि उपयोगाची एक गोष्ट आहे.

या प्रश्नाची मुख्य अडचण काळाची. दूषित पाणी प्यालें तर पटकी थोड्याच दिवसांत होते. कारण आणि कार्य एकाच वैद्याच्या नजरेखालीं येतात. येथें मात्र कारण शाळेच्या बाकावर बसलेलें असतें, कार्य रुग्णालयाच्या खाटेवर दिसतें, आणि दोहोंमध्यें अर्धें आयुष्य पसरलेलें असतें. मुलाला तपासणारा वैद्य त्या मुलाच्या उतारवयांत बहुधा हयात नसतो. पन्नाशीच्या रोग्याला "चौदाव्या वर्षीं तुमचें वजन किती होतें?" असें विचारलें, तर तो बिचारा काय सांगणार? स्मरणशक्ति ही अशा कामीं भरंवशाची साक्षीदार नव्हे. म्हणून येथें दोन वह्या लागतात. एक, मुलांचीं वजनें टिपून ठेवणारी. दुसरी, गांवांत कोणाला कोणता कर्करोग झाला हें टिपून ठेवणारी. या दोन्ही वह्या पुष्कळ वर्षें सांभाळून ठेविल्या पाहिजेत, आणि मग कोणीतरी त्या शेजारीं शेजारीं ठेवून नांवास नांव जुळविलें पाहिजे. आपल्या विषयाचा सारा इतिहास म्हणजे या दोन वह्यांचा इतिहास होय.

पहिल्या वहीचें गणित घालून दिलें तें बेल्जममधील आदॉल्फ केतले या पंडितानें. १८३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें असें दाखविलें, कीं प्रौढ माणसांचें वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. केतलेला लठ्ठपणाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. त्याला 'सरासरी मनुष्य' शोधावयाचा होता. पण त्याचें तें साधें सूत्र पुढें फार उपयोगी पडलें. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें, इतकेंच तें सूत्र. दीड मीटर उंच आणि पंचेचाळीस किलो वजनाच्या माणसाचा आंकडा वीस येतो. १९७२ सालीं ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं या आंकड्याला 'बॉडी मास इंडेक्स' असें नांव दिलें. आपण त्याला शरीरभार-निर्देशांक म्हणूं. वाढत्या मुलांचा आंकडा मात्र त्यांच्याच वयाच्या व लिंगाच्या इतर मुलांशीं ताडून पाहावा लागतो, कारण त्या वयांत शरीर दर वर्षीं आपलें माप बदलीत असतें.

हें गणित चालू असतां प्रयोगशाळेंतहि एक धागा हातीं लागला होता. १९०९ सालीं कार्लो मोरेस्की या इटालियन शास्त्रज्ञानें उंदरांच्या अंगांत अर्बुदाचें कलम करून पाहिलें. ज्या उंदरांना कमी अन्न दिलें होतें, त्यांच्या अंगांत अर्बुद कमी वाढलें. १९१४ सालीं पेटन राऊस यानें आहार व अर्बुद यांच्या संबंधाचे प्रयोग प्रसिद्ध केले. हाच राऊस पुढें, कोंबड्यांतील अर्बुदाचें कारण विषाणू आहे या आपल्या शोधाबद्दल, १९६६ चें नोबेल पारितोषिक मिळविता झाला. १९४० सालापासून शिकागोच्या आल्बर्ट टॅननबॉम यानें हे प्रयोग पद्धतशीरपणें पुढें नेले आणि अन्न आटोक्यांत ठेवलेल्या उंदरांत अर्बुदें कमी उद्भवतात असें वारंवार दाखविलें. पण उंदीर तो उंदीर! त्याचें आयुष्य दोन-तीन वर्षांचें. मनुष्याविषयीं बोलावयाचें तर मनुष्याचीच वही हवी.

आतां दुसऱ्या वहीकडे वळूं. आणि येथें आपलें नागपूर कथेंत येतें. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरांत १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. त्या घराण्याच्या संपत्तीची ही एक मोठी पायरी. जमशेटजींच्या सूनबाई लेडी मेहरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या; पुढच्याच वर्षीं त्यांचे पति सर दोराबजी यांचेंहि निधन झालें. दोराबजींच्या नांवें असलेल्या विश्वस्त निधींतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईंत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. तेथील रोगनिदानशास्त्राचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४४ सालीं तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीनें आलेल्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. सवय आणि रोग यांची सांगड नुसत्या तर्कानें नव्हे, तर मोजणीनें घालावयाची, ही दृष्टि आपल्याकडे अशा कामांतून रुजली.

परंतु रुग्णालयाची वही ही गांवाची वही नव्हे. रुग्णालयांत जो येतो तोच तींत लागतो. १९५१ सालीं स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीनें १९६३ सालीं मुंबई शहराची कर्करोग-नोंदणी सुरू केली, ती या उणिवेवर उपाय म्हणून. मग १९७३ सालीं पुणें, १९७८ सालीं औरंगाबाद आणि १९८० सालीं नागपूर येथें तशाच नोंदण्या सुरू झाल्या. हें काम मोठ्या चिकाटीचें. नोंदणीचे कार्यकर्ते शहरांतील रुग्णालयें, रोगनिदानाच्या प्रयोगशाळा आणि मृत्यु-नोंदीचीं कार्यालयें यांतून हिंडतात. रोग्याचें वय, राहण्याचें ठिकाण, रोगाचें स्थान हें सारें उतरून घेतात. बाहेरगांवचा रोगी असेल तर वगळतात, आणि एकच रोगी दोन ठिकाणीं आढळला तर त्याची नोंद एकच धरतात. तेव्हां कोठें "नागपुरांत एका वर्षांत अमुक इतक्या लोकांना अमुक कर्करोग झाला" असें एक वाक्य तयार होतें! या वहीनें नागपूरकरांना आजवर मुख्यत्वें जें सांगितलें, तें तंबाखूविषयीं. येथील पुरुषांत तोंडाचा कर्करोग अग्रभागीं आहे, आणि आपल्या पानठेल्यांवरचा खर्रा हें त्याचें कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. बायकांत स्तनाचा कर्करोग पहिला आहे.

म्हणजे दुसरी वही आपल्यापाशीं आहे. मग दोन्ही वह्यांची गांठ जगांत प्रथम कोठें पडली?

अमेरिकेंतील हार्वर्ड विश्वविद्यालयाच्या विद्वानांनीं १९२२ ते १९३५ या काळांत बोस्टनच्या आसपासच्या शाळकरी मुलांची वाढ वर्षानुवर्षें मोजली होती. हेतु निव्वळ वाढीचा अभ्यास करण्याचा. कर्करोगाचें नांवहि तेथें नव्हतें. त्या वहीवर धूळ बसली. पुढें कोणाला तरी तिची आठवण झाली, आणि तींतील तेरा ते अठरा वर्षांच्या वयांत सडपातळ किंवा स्थूल असलेल्या ५०८ व्यक्तींचा माग काढण्यांत आला. पंचावन्न वर्षांनंतरचा हिशेब १९९२ सालीं प्रसिद्ध झाला. पौगंडावस्थेंत स्थूल असलेल्या मुलग्यांमध्यें पुढें एकंदर मृत्यूचें प्रमाण अधिक होतें, हृदयविकार अधिक होता, आणि मोठ्या आंतड्याच्या कर्करोगानें येणारें मरणहि अधिक होतें. विशेष हें, कीं प्रौढपणींचें वजन हिशेबांत धरूनहि कुमारवयांतील स्थूलतेचा प्रभाव पुसला जात नव्हता. मुलींमध्यें मृत्यूचा असा फरक दिसला नाहीं. संधिवात मात्र अधिक आढळला.

पांचशें आठ हा आंकडा लहान होता. अधिक मोठी साक्ष डेन्मार्कनें दिली. कोपनहेगनच्या शाळांतून दर विद्यार्थ्याचें एक आरोग्यपत्रक ठेवण्याची जुनी पद्धत आहे. १९३० पासून पुढें जन्मलेल्या मुलांचीं, सात ते तेरा वर्षांच्या वयांतील उंची व वजनें नोंदलेलीं हीं पत्रकें शहरानें जपून ठेवलीं. त्यांची संख्या साडेतीन लाखांवर गेली. दुसऱ्या बाजूस, साऱ्या देशाची कर्करोग-नोंदणी तेथें १९४२ सालींच सुरू झाली होती. १९६८ सालीं प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक मिळाला आणि त्या क्रमांकाच्या दोऱ्यानें दोन्ही वह्या एकत्र शिवतां आल्या. तेव्हां दिसलें, कीं शाळेंत अधिक जाड असलेल्या मुलांत पुढें यकृताच्या आणि आंतड्याच्या कर्करोगाचें प्रमाण अधिक आहे.

त्यानंतरची साक्ष सर्वांत मोठी. इस्राएलमध्यें सैन्यभरतीपूर्वीं सोळा ते एकोणीस वर्षांच्या तरुण-तरुणींची तपासणी होते. १९६७ ते २०१० पर्यंत तपासलेल्या सुमारें तेवीस लाखांचीं मापें देशाच्या कर्करोग-नोंदणीशीं जुळवून २०२० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्या वयांत अतिस्थूल असलेल्या पुरुषांत मध्यम वयांतील कर्करोगाचा धोका सुमारें सव्वापट होता. स्त्रियांतहि जवळजवळ तितकाच होता. पण तो स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग वगळून. या दोन रोगांत उलट चित्र दिसलें. शास्त्राचा खरेपणा असा, कीं सोयीचें तेवढेंच सांगून तें थांबत नाहीं. दरम्यान २०१६ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें सर्व पुरावा तपासून, अतिरिक्त मेदाशीं संबंध असलेल्या तेरा कर्करोगांची यादी दिली. आंतडें, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, मूत्रपिंड, गर्भाशय, आणि ऋतुनिवृत्तीनंतरचा स्तनाचा कर्करोग हे त्यांतील कांहीं.

मेदानें असें कां व्हावें? पूर्वीं चरबी म्हणजे निजलेली सांठवण असें मानीत. तसें नाहीं. १९९४ सालीं चरबींतून निघणाऱ्या लेप्टिन या द्रव्याचा शोध लागला आणि मेद ही एक जागती ग्रंथि आहे हें स्पष्ट झालें. मेद फार वाढला म्हणजे रक्तांतील इन्सुलिन चढें राहतें, आणि पेशींना "वाढा, विभागा" असा निरोप सतत मिळत राहतो. चरबींत स्त्रीसंप्रेरक तयार होतें. आणि शरीरांत एक मंद दाह धुमसत राहतो. पेशी जितक्या वेळां विभागते, तितक्या वेळां चूक होण्यास वाव मिळतो. मोठेपणीं चढलेला मेद हें काम वीस वर्षें करील, तर चौदाव्या वर्षीं चढलेला व तसाच राहिलेला मेद चाळीस वर्षें करील. मुद्दल तेंच, मुदत दुप्पट.

या इतिहासांतील एक गोष्ट मला फार मननीय वाटते. यांतील कित्येक वह्या भुकेच्या काळजीनें उघडल्या गेल्या होत्या. ब्रिटनमध्यें १९३७ ते १९३९ या काळांत जॉन बॉइड ऑर यानें गरीब कुटुंबांच्या आहाराची पाहणी केली. मुलांना पुरेसें मिळत नाहीं ही त्याची तळमळ. पुढें १९४९ चें शांततेचें नोबेल पारितोषिक त्याला मिळालें. साठ वर्षांनीं, १९९८ सालीं, त्याच पाहणींतील मुलांचा माग काढला, तों बालपणीं ज्यांच्या घरीं उष्मांक अधिक होते त्यांच्यांत पुढें कर्करोगानें मृत्यु अधिक आढळले. आपल्या महाराष्ट्रांतहि असेंच घडलें. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील अर्भकांचें वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्टन येथील अर्भकांचें ३.५ किलो. पण या कृश अर्भकांच्या अंगांत स्नायू कमी असूनहि चरबी मात्र त्या मानानें राखलेली होती! २००४ सालीं डॉ. याज्ञिक यांनीं आपलें स्वतःचें व आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें. दोघांचाहि शरीरभार-निर्देशांक २२.३; पण युडकिन यांच्या अंगांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगांत २१.२ टक्के. म्हणूनच २००९ सालीं भारतीय तज्ज्ञांनीं प्रौढांसाठीं २३ च्या पुढें वजन अधिक आणि २५ च्या पुढें स्थूलता असें ठरविलें. पाश्चात्त्यांचे आंकडे २५ आणि ३० आहेत. दुष्काळानें घडविलेलें शरीर सुकाळांत अधिक सांभाळावें लागतें, असाच याचा अर्थ.

आतां कोणी आईबाप घाबरून जातील, म्हणून दोन शब्द सांगतों. सव्वापट धोका म्हणजे अटळ भवितव्य नव्हे. बहुतेक स्थूल मुलांना कर्करोग कधींच होणार नाहीं, आणि पुष्कळ सडपातळांना होईल. शिवाय वेळींच वळण मिळालें तर हिशेब बदलतो. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या, साठ हजारांहून अधिक डॅनिश पुरुषांच्या अभ्यासांत असें आढळलें, कीं सातव्या वर्षीं जाड असलेले जे मुलगे तेरा वर्षांच्या आंत प्रमाणांत आले आणि तसेच राहिले, त्यांना पुढें मधुमेहाचा धोका कधींच जाड नसलेल्यांइतकाच राहिला. हा पुरावा मधुमेहाचा आहे, कर्करोगाचा नव्हे. तरी ज्या मार्गानें मेद अपाय करतो, त्या मार्गावरचा तो एक आशेचा दिवा आहे.

आणि मुलाला हिणवूं नका. वर्गांत "जाड्या" म्हणून हांक मारल्यानें कोणाची चरबी झडलेली नाहीं. मुलगा मैदानावर जावयाचा तेवढा मात्र थांबतो. जें ताट वडील वाढतात, जें मैदान शहर राखतें वा विकतें, जी निजण्याची वेळ घर ठरवितें, त्यांचा जाब चौदा वर्षांच्या पोराला विचारणें हा न्याय नव्हे.

आपल्या देशाची अडचण दुहेरी आहे. २०१६ ते २०१८ या काळांत झालेल्या राष्ट्रीय पोषण-पाहणींत दहा ते एकोणीस वर्षांच्या शंभर मुलामुलींमागें चोवीस कृश आढळलीं आणि पांच अधिक वजनाचीं. हीं दोन्ही मुलें एकाच बाकावर बसतात. एकाला पोळी हवी आहे, दुसऱ्याला मैदान. आणि कोणाला काय हवें हें तराजूवांचून समजत नाहीं. सरकारी शाळांतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारींत आपल्याच राज्यांत, पालघर येथें सुरू झाला. म्हणजे तराजू आला आहे. पण वजन केलें आणि कागद रद्दींत गेला, तर तें वजन न केल्यासारखेंच. कोपनहेगनच्या शिक्षकांनीं आणि वैद्यांनीं १९३७ सालीं एखाद्या सात वर्षांच्या पोराचें वजन लिहिलें, तेव्हां त्याचा उपयोग आपल्या हयातींत दिसणार नाहीं हें उघड होतें. त्यांनीं सुवाच्य अक्षरांत लिहिलें आणि पत्रक जागच्या जागीं ठेविलें. ज्ञानाची पुष्कळशी मोठी कामें अशा निनांवी कारकुनांच्या हातून झालीं आहेत.

नागपूरपाशीं १९८० पासूनची रोगाची वही आहे. वजनाची वही लिहिण्याचें काम आतां शाळांचें आणि घरांचें. दर वाढदिवसाला औक्षण झाल्यावर मुलाची उंची आणि वजन एका वहींत टिपून ठेवणें कोणत्या घराला अशक्य आहे? त्या वहीवरून यंदाच आईला कळेल, कीं मूल उंचीला वाढतें आहे कीं नुसतेंच रुंदीला. शाळेच्या वैद्याला कळेल, कीं कोणाकडे लक्ष पुरवावें. आणि आजचा चौदा वर्षांचा मुलगा चोपन्न वर्षांचा होईल तेव्हां, त्याच्या पिढीचें काय झालें व कां झालें, हें सांगण्यास या शहराला बोस्टनची किंवा कोपनहेगनची वही उसनी मागावी लागणार नाहीं.

आपल्या आज्यांनीं दुष्काळाची आठवण ठेवून मुलांना जपलें. आपण सुकाळाची जाणीव ठेवून त्यांना जपूं या. माया तीच, फक्त तिच्या जोडीला आतां एक वही असूं द्यावी, इतकेंच माझें मागणें आहे.